चाळीस पावलांवरचं पाकीट

१

एक्केचाळीस हजार तीनशे डॉलर बारा जुलैला मेले. सुतक मात्र एकट्या ओतिलिया मेन्हीवारला आलं.

तसं कळवणारं पत्र तिनं नऊ दिवस ब्लाउजमध्ये ठेवलं होतं. घामानं त्याच्या घड्या मऊ पडल्या होत्या. एकतीस जुलैला, बुधवारी, सकाळी साडेअकराला सिल्व्हर हेरन कॅसिनोच्या लाँड्रीच्या मागच्या दाराशी तिनं ते नेरिसाच्या हातात ठेवलं आणि दुसरीकडे बघत उभी राहिली.

नेरिसा पांगिलिनाननं ते वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"आत्ता? आत्ता दाखवतेस हे? नऊ दिवस काय उबवत बसली होतीस? पिल्लू निघणार होतं यातून?"

"लाज वाटली, नेरी."

"कुणाची? चोरी त्यांची आणि लाज तू वाहतेस होय? बावीस वर्षं त्यांच्या चादरी वाहिल्यास, तेवढं पुरे नाही झालं?"

ओतिलियानं बाह्या खाली ओढल्या. तिच्या दोन्ही मनगटांवर वाफेच्या इस्त्रीचे जुने डाग होते, एकावर एक.

रुफिनो, तिचा नवरा, सोन्याच्या खाणीत डंपर चालवायचा. त्यानं सिल्व्हर हेरनच्या सट्ट्यावर शंभर डॉलर लावून पाच सामन्यांची साखळी घेतली. पाचांतला एक चुकला तरी सगळं बुडतं, अशी. चौदा मार्चला पाचवा सामनाही त्याच्या मनासारखा लागला आणि शंभराचे एक्केचाळीस हजार तीनशे झाले. सतरा मार्चला न्हाणीघरात त्याचं हृदय थांबलं. बायकोला सांगायचं राहून गेलं. तिकीट जूनअखेर त्याच्या जॅकेटच्या अस्तरात सापडलं. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं : शेवटच्या सामन्यापासून एकशे वीस दिवसांत पैसे न नेल्यास तिकीट रद्द.

आणि पैसे लावणारा मेला असेल तर? तर वारसानं मृत्यूचा दाखला जोडून ते टपालानंच पाठवायचं. मुदतीच्या आत पोहोचलं पाहिजे. हातानं दिलेलं चालत नाही.

लाँड्रीतल्या ओतिलियाच्या इस्त्रीपासून ज्या खोलीत असली पाकिटं उघडतात ती हिशेबाची खोली चाळीस पावलांवर होती. तिनं मोजली होती. पण पाकिटानं आधी पोस्टात जायचं, तिथून ट्रकनं सॉल्ट लेक शहराला, तिथं छाटणी होऊन पुन्हा ट्रकनं माघारी ह्याच गावात, एल्कोला. सातशे किलोमीटर, चाळीस पावलांसाठी. हा नियम ज्यानं केला त्याला वेडा म्हणायचं कारण नाही. तो फार शहाणा होता.

"आठ तारखेला, सोमवारी सकाळी मी स्वतः पेटीत टाकलं," ओतिलिया म्हणाली. "बाराला मुदत होती. चार दिवस लागतात का गं?"

"दोन लागतात. फार तर तीन."

पत्राला पाकिटाची झेरॉक्स जोडली होती. पोस्टाचा शिक्का पुसट, काही वाचता येत नव्हतं. हाउसचा शिक्का मात्र ठसठशीत. दावा प्राप्त, १४ जुलै. इथले लोक कॅसिनोला हाउस म्हणतात, आणि हाउस म्हणतं ते खरं.

"आज तीनला फेरविचार आहे," ओतिलिया म्हणाली. "सोबत एकच माणूस चालतं. पाचला महिना मिटला की पैसे हाउसच्या कमाईत जमा. मग देव आला तरी परत निघत नाहीत."

तिला बंगला नको होता. तिनं रुफिनोला शब्द दिला होता, तुला इथल्या गोठलेल्या मातीत ठेवणार नाही, आपल्या गावी, चालातेनांगोला, तुझ्या आईशेजारी नेईन. त्याला न्यायचं आणि आपणही तिथंच राहायचं, पुन्हा इस्त्रीला हात लावायचा नाही. एवढंच.

नेरिसानं घड्याळ पाहिलं. एकोणीस वर्षं तिनं ह्याच हाउसच्या कॅमेऱ्यांच्या खोलीत काढली होती. नको ते बघितलं, नको त्याच्यासमोर बोलली, म्हणून तिला काढलं. आता ती ट्रेलर पार्कमधल्या लोकांचे फॉर्म भरून द्यायची. पण डोळे कुणी काढून घेतले नव्हते.

"पाकीट किती जणांच्या हातून जातं?"

"टपाल लायल आणतो. उघडते व्हर्ना. पैसे मंजूर करतो वॉर्डलो."

"म्हणजे तिघं. आणि आपल्याकडे साडेतीन तास. तू आत जा, इस्त्री कर. रडू नकोस, चादरीला डाग पडतात आणि ते पगारातून कापतात."

२

लायल प्रुएट माल उतरवायच्या धक्क्यावर पावाच्या रिकाम्या क्रेटवर बसून सूर्यफुलाच्या बिया चघळत होता. टरफलं थुंकायला त्यानं पायाशी कॉफीचा पेला ठेवला होता. बहुतेक टरफलं पेल्याबाहेर पडली होती.

"आल्या!" तो म्हणाला. "आकाशवाणीच्या बाई. वरून सगळं बघायच्या. आता काय बघता, ट्रेलरची गटारं?"

"आता तुझं तोंड बघतेय. फार फरक नाही. टपाल कसं आणतोस, सांग."

"गाडीतून."

"लायल."

"अहो, दहाला पोस्टात जातो, हाउसची पेटी उघडतो, पोतं भरतो, आणतो. हिशेबाच्या खोलीच्या दाराला फट आहे, त्यांची पाकिटं तिच्यातून आत लोटतो. शिक्का नाही, वही नाही. मी तारखा बघत नाही, वजन बघतो."

"रोज?"

"सोमवार ते शुक्रवार. शनिवारी-रविवारी मी रुबी दरीत मासे धरतो, टपाल पोस्टाच्या पेटीत झोपतं. सोमवारी दहाला दोन्ही एकदम उचलतो."

"तुझ्या सुट्टीत दुसरं कुणी आणतं?"

"पेटीची किल्ली एकच. ती ह्या कमरेला." त्यानं पट्ट्यावर थाप मारली. "साहेबांना दुसरी किल्ली करायला तीन डॉलर जड होतात."

"ओतिलियाचं पाकीट आठवतं?"

"दिवसाला दोनशे पाकिटं." तो मग जरा ओशाळला. बियांची पिशवी तिच्यापुढे धरली. तिनं घेतली नाही. "रुफिनो चांगला होता हो. माझ्या गाडीचा पट्टा त्यानंच बसवून दिला, पैसे घेतले नाहीत. खरंच नाही आठवत. आठवलं असतं तर सांगितलं असतं."

"विसरून गाडीत राहिलं असेल? सीटखाली?"

"बघा ना." त्यानं किल्ल्या फेकल्या.

नेरिसानं पाहिलं. सीटखाली गळ, दोन मोजे आणि वाळलेलं सँडविच. हे सँडविच ज्या अर्थी तिथं टिकलं त्या अर्थी पाकीटही राहू शकलं असतं. लायलचा आळस सगळ्या एल्कोला ठाऊक होता. ती मागे वळली तेव्हा तो उठून जवळ आला होता. आवाज खाली आणून म्हणाला,

"मला विचारता ते ठीक. पण तिकिटं मेली की कुणाचा बोनस जिवंत होतो, ते विचारलंत का?"

३

क्लिंट वॉर्डलो हाउसच्या उपाहारगृहात जेवत होता. सट्ट्याच्या विभागाचा प्रमुख. शर्टाच्या कॉलरला इस्त्री कडक, आणि ती कुणी केली हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"मिसेस पांगिलिनान! बसा. फेरविचार तीनला आहे, पण तुम्ही तर आधीपासून वेळ न पाळण्याबद्दल प्रसिद्ध."

"मी वेळ पाळते. तुम्ही मुदत पाळता, वेगळी गोष्ट आहे. न नेलेल्या पैशातला तुमचा वाटा किती?"

त्यानं काटा खाली ठेवला. घाई नव्हती त्याला.

"वाटा नाही. वर्षअखेर विभागाचा नफा पाहून बक्षीस मिळतं. न नेलेली तिकिटं नफ्यात येतात. गुपित नाही हे. लोक तिकिटं हरवतात, कपड्यांत धुतात, विसरतात. त्याला मी काय करू? घरोघर जाऊन उठवू?"

"ही बाई विसरली नव्हती."

"तिला उशीर झाला. पोस्टानं केला असेल, तिनं केला असेल. आणि तुम्ही काय शोधताय ते मला कळतं." तो हसला. "अकरा जुलैच्या गुरुवारपासून पंधराच्या रात्रीपर्यंत मी लास व्हेगासला होतो. पाकीट आलं, शिक्का बसला, तेव्हा मी सातशे किलोमीटर लांब होतो. भिंतीवर बघा."

भिंतीवर फोटो होता. परिषदेचा फलक, खाली शनिवार-रविवारच्या तारखा, आणि वॉर्डलो हातात काचेची ढाल घेऊन. नेरिसानं फोटो निरखला. मनगटावर सहभागींचा कागदी पट्टा, मागे ओळखीची माणसं, तीही तेव्हा इथं नव्हती. एकोणीस वर्षं खोटी चित्रं शोधण्यात गेल्यावर खरं चित्र लगेच कळतं. हे खरं होतं.

"कॅमेऱ्यांच्या खोलीत अजून एक जागा रिकामी आहे," वॉर्डलो मागून म्हणाला. "शांत बसणाऱ्या माणसासाठी."

नेरिसा चालतच राहिली. तिला राग आला की तिची जीभ सुटायची आणि पाय घाई करायचे. आज तिनं जीभ आवरली आणि पायांना मोकळं सोडलं. एक वाजून दहा मिनिटं. ज्याला फायदा त्याचा हात नाही. ज्याचा हात ढिला त्याला फायदा नाही. राहिली कोण? जिनं रुफिनोच्या मयताला ओतिलियाला मिठी मारून सगळ्यांत जास्त अश्रू ढाळले, ती.

४

व्हर्ना ऑल्डरिजच्या घराच्या खिडक्यांना आतून चांदीचा कागद चिकटवलेला होता. बाहेर जुलैचं ऊन भाजत होतं, आत तिन्हीसांज. ती गाउनमध्ये होती, केस सपाट, तव्यावर पॅनकेक.

"शुभ सकाळ, बाळ," ती म्हणाली.

"पावणेदोन वाजलेत, व्हर्ना."

"माझी सकाळच ना. एकतीस वर्षं झाली रात्रपाळीला. माझा मंगळवार आज पहाटे सहाला संपला, मग झोपले. बस, खा. रिकाम्या पोटी भांडू नये."

"भांडायला आले हे कसं कळलं?"

"तू कधी दुसऱ्या कशाला येतेस?"

नेरिसा हसली, तिला हसायचं नव्हतं तरी. व्हर्नानं तिच्यापुढे पॅनकेक ठेवला. सप्टेंबरात ती निवृत्त होणार होती. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिनं गेलेले दिवस फुल्या मारून खोडले होते.

"ओतिलियाचं पाकीट तूच उघडलंस?"

"हो. मी उघडते, शिक्का मारते, क्लिंटच्या खणात ठेवते. त्या खोलीची रात्रीची किल्ली माझ्याकडेच."

"कधी उघडलंस?"

"शिक्क्यावर आहे ना तारीख."

"आलं कधी?"

व्हर्नानं पाकाची बाटली उचलली, पुन्हा ठेवली. "शिक्क्यावर आहे तीच. मी दुसरं काय सांगू? मला फार वाईट वाटलं गं. मी ओतीला सांगितलंसुद्धा, एक दिवस जरी आधी आलं असतं तरी—"

"दोन दिवस."

"काय?"

"मुदत बाराला. शिक्का चौदाचा. दोन दिवस."

"दोन, हो." तिनं कपाळ पुसलं. "मला हल्ली दिवस मोजता येत नाहीत, बाळ. तिथं आत ना खिडकी, ना घड्याळ. रात्र सुरू झाली की शिक्क्याचं यंत्र एक तारीख दाखवतं आणि पहाटे सहापर्यंत तीच दाखवतं. माझं आयुष्य त्या तारखेनं चालतं."

निघताना तिनं दारात नेरिसाचा हात धरला. "ओतीला सांग, मी प्रार्थना करते."

"प्रार्थनेला मुदत नसते वाटतं," नेरिसा म्हणाली, आणि लगेच तिला आपलंच बोलणं बोचलं.

ती गाडीत बसली. इंजिन चालू केलं. सवयीनं झेरॉक्स स्टिअरिंगवर टेकवून पुन्हा पाहिली. सकाळपासून तिनं तो शिक्का सहा वेळा पाहिला होता. वॉर्डलोनं पाहिला होता, ओतिलियानं नऊ दिवस छातीशी धरला होता. प्रत्येकानं एकच विचारलं : चौदा हे बाराच्या नंतर येतं का? येतं. मग संपलं.

गाडी रस्त्यावर आली आणि तिनं करकचून ब्रेक दाबला. मागच्या ट्रकवाल्यानं आयमाय काढली. तिला ऐकू आली नाही. ती फोनवर जुलै महिना उघडून बघत होती.

५

फेरविचाराच्या खोलीत लांब टेबल होतं, टेबलावर पाण्याच्या तीन बाटल्या, आणि वॉर्डलोपुढे जाडजूड फाइल. ओतिलिया कामाच्या गणवेशातच आली होती. तिला बदलायला वेळ दिला नव्हता.

"सुरुवातीलाच सांगतो," वॉर्डलो म्हणाला, "मिसेस मेन्हीवार, तुमच्याबद्दल आम्हाला आदर आहे. पण नियम सगळ्यांना सारखा. तुम्ही आमचं माणूस म्हणून सूट नाही, आणि आकस तर मुळीच नाही. ही बघा." त्यानं फाइल उघडून त्यांच्याकडे वळवली. "तीन वर्षांतले उशिरा आलेले दावे. अकरा आहेत. अकरांनाही हेच उत्तर."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. नेरिसानं फाइल जवळ ओढली. ती सावकाश पानं उलटू लागली. तिचे ओठ हलत होते.

"पाहिलं? झालं समाधान?"

"एक विचारते," ती म्हणाली. "चौदा जुलैला वार कोणता होता?"

"वार?" वॉर्डलो थांबला. हाउसमध्ये वार कुणी विचारत नाही. तिथं यंत्रं रविवारीही वाजतात आणि नाताळातही वाजतात. "त्याचा काय संबंध?"

"रविवार होता. ह्या देशात रविवारी टपाल वाटतात?"

ओतिलियानं मान वर केली.

"लायल शनिवार-रविवार पोस्टाकडे फिरकत नाही. पेटीची किल्ली एकच, ती त्याच्या कमरेला. हातानं पाकीट द्यायला तुमचाच नियम मनाई करतो. मग रविवारी तुमच्या खोलीत ते आलं कुठून? छतातून पडलं? जे रविवारी खोलीत होतं ते शुक्रवारी दहाला आणलेल्या पोत्यातून आलं, किंवा त्याच्याही आधी. शुक्रवार म्हणजे बारा तारीख. मुदतीत."

वॉर्डलो मूर्ख नव्हता. तो खुर्चीत मागे रेलला.

"तुम्ही इथं काम केलंय, तरी विसरलात? हाउसचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. पहाटे सहाला बदलतो. सोमवारी पहाटे पाचला शिक्का मारला तरी यंत्र चौदाच छापणार. म्हणजे पाकीट सोमवारचं. उशिराचंच."

"बरोबर. मलाही तेच वाटतं. सोमवारी पहाटेच मारला असेल." नेरिसा पुढे वाकली. "पण लायल सोमवारचं टपाल किती वाजता आणतो?"

त्यानं पाण्याची बाटली उघडली.

"दहाला. पहाटे पाचला मारा, रविवारी दुपारी मारा, रविवारी मध्यरात्री मारा. चौदाचा शिक्का ज्या घटकेला बसू शकतो, त्या सगळ्या घटका सोमवार दहाच्या आधीच्या आहेत. तुमच्याच यंत्रानं तुमच्याविरुद्ध साक्ष दिलीय. ह्या बाईचं पाकीट वेळेत आलं होतं. ते तुमच्या खोलीत पडून होतं. मुदत मरेपर्यंत कुणीतरी त्याच्यावर बसलं होतं."

"कोण?" ओतिलियानं विचारलं. पहिल्यांदाच ती बोलत होती. "नेरी, कोण?"

नेरिसाला ते नाव उच्चारायचं नव्हतं. ज्या माणसाचा रविवार सोमवारच्या पहाटेपर्यंत चालतो, ज्याला बाहेरच्या जगात रविवारी टपाल येत नाही याचा एकतीस वर्षांत विसर पडलाय, असं हिशेबाच्या खोलीत एकच माणूस होतं.

तिला बोलावं लागलं नाही. वॉर्डलोनं फोन उचलून टेबलावर ठेवला आणि मोठा आवाज लावला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं.

"आपण आत्ताच निकाल लावू," तो म्हणाला.

६

"व्हर्ना, क्लिंट बोलतोय. मेन्हीवारचं पाकीट तू तीन दिवस दाबून ठेवलंस. मला सगळं कळलंय. वयोमानानं तुझ्याकडून आता काम होत नाही. आजपासून येऊ नकोस. पेन्शनचं नंतर बघू."

मग व्हर्नाचा आवाज आला. तो थरथरत नव्हता.

"ओती तिथं आहे का?"

"आहे," ओतिलिया म्हणाली.

"पोरी, पाकीट बुधवारी आलं होतं. दहा तारखेला. माझ्या हातात होतं. मी ते तळाशी ठेवलं."

ओतिलियानं टेबलाची कड धरली.

"क्लिंट," व्हर्ना पुढे म्हणाली, "तू सांगितलंस तसंच ठेवलं. शेवटच्या आठवड्यातली पाकिटं तळाशी, शिक्का मुदतीनंतर, बहुतेक रविवारच्या पाळीला. तू लिहून कधी दिलं नाहीस, तेवढा तू हुशार. पण दर वेळी माझ्या खणात स्टेकच्या जेवणाचं कूपन यायचं. पहिलं मी खाल्लं. देवा, मला भूक लागली होती आणि मी ते खाल्लं. बाकीची दहा डब्यात आहेत. प्रत्येकावर तारीख आहे आणि तुझी सही आहे."

वॉर्डलोनं फोन बंद केला. उशीर झाला होता. ह्या खेपेला खरोखरचा उशीर.

"म्हातारी भ्रमिष्ट झालीय," तो म्हणाला.

"असेल." नेरिसानं फाइलवर बोट ठेवलं. "मी मघाशी पानं उलटताना वार मोजत होते. अकरापैकी नऊ शिक्के रविवारचे आहेत. तीन वर्षांत नऊ वेळा टपाल रविवारी आलं. पोस्टाला इतका हुरूप कुठून आला हो?"

त्यानं फाइल झटकन ओढून घेतली. तो उभा राहिला, खोलीबाहेर गेला. काचेतून तो फोनवर बोलताना दिसत होता, वरच्या कुणाशी तरी. त्याचा मोकळा हात सारखा कॉलर सैल करत होता. साडेतीन. पावणेचार. ओतिलिया हलली नाही. नेरिसा खोलीत फेऱ्या घालत होती. टेबलापासून दारापर्यंत, दारापासून टेबलापर्यंत.

"बस ना," ओतिलिया म्हणाली.

"बसवत नाही."

"ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली होती, नेरी."

"खरंच रडली असेल. हाउसचं हेच तर कसब आहे. गरिबाकडून गरिबाचा गळा कापवून घेतात आणि वर रडायची मोकळीकही देतात."

चारला दहा कमी असताना वॉर्डलो परत आला. त्याच्या एका हातात चेक होता, पूर्ण रकमेचा. दुसऱ्या हातात दोन पानांचा कागद.

७

कागदात लिहिलं होतं की पाकीट वेळेत आलं असावं हे हाउस सद्भावनेनं मान्य करतं, आणि मिसेस मेन्हीवार ह्या विषयावर, ह्या खोलीत ऐकलेल्या बोलण्यावर, इतर कोणत्याही दाव्यावर, कुणापाशी कधीही चकार शब्द काढणार नाहीत. काढला तर रक्कम दुपटीनं परत.

"सही करा, चेक तुमचा," वॉर्डलो म्हणाला. "नाही केलीत तर वकील बघतील. वकिलांना दोन वर्षं लागतात. पाचला महिना मिटतो."

"ओती, करू नकोस," नेरिसा म्हणाली. "त्या फाइलीत आणखी आठ जण आहेत, रविवारचे. तुझ्यासारखेच. तुझं तोंड बंद झालं की त्यांचं—"

"नेरी."

"हा हरामखोर तुझेच पैसे तुला विकतोय!"

"नेरी, गप्प बैस."

बावीस वर्षांत ओतिलियानं तिला असं कधी म्हटलं नव्हतं. नेरिसा गप्प बसली. ओतिलियानं पेन घेतलं. कागद तिनं शेवटपर्यंत दोनदा वाचला, ओळीखाली बोट धरून, एकेक शब्द. वॉर्डलो घड्याळ बघत होता, तरी तिनं घाई केली नाही. मग सही केली. पूर्ण नाव, रुफिनोच्या आडनावासकट. चेक घेतला, ब्लाउजमध्ये ठेवला, आणि पाण्याची बाटलीही उचलली.

बाहेर गाड्यांच्या तळावर डांबर वितळत होतं. नेरिसाचा राग तिच्या कानशिलांत धडधडत होता. तिला मैत्रिणीला बोलायचं नव्हतं, आणि बोलल्याशिवाय राहवतही नव्हतं.

"तुला तुझा माणूस गावी न्यायचाय. मला कळतं. मी तुला नावं ठेवत नाही."

"ठेवतेस. तुझ्या नाकपुड्या फुगल्यात."

"आठ जण, ओती."

"त्या कागदावर नाव कुणाचं आहे?"

"तुझं."

"आणि?"

"आणि कुणाचं नाही. वॉर्डलोचं—" नेरिसा थांबली.

"सोबत एकच माणूस चालतं, असा त्यांचाच नियम," ओतिलिया म्हणाली. "त्या माणसाकडून सही घ्यायची, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. आजवर जो सोबत आला तो गप्पच बसला असेल. मी कागद दोनदा वाचला, तुझं नाव कुठं येतं का बघायला. म्हणून तर वेळ लागला. तू मला इंग्रजी शिकवलंस ना, कपाळावर हात मारून मारून?" तिनं बाटलीचं झाकण उघडलं. "मी बोलणार नाही. मला बोलायचं नाही. तू कधी गप्प बसली आहेस?"

नेरिसानं डोळे मिटून घेतले. फाइल वॉर्डलोच्या कपाटात होती. पण एकोणीस वर्षं तिला त्यासाठीच पगार मिळाला होता. एकदा पाहिलेला चेहरा, एकदा पाहिलेला आकडा. तिनं गाडीच्या टपावर कागद ठेवला आणि पानांच्या क्रमानं लिहू लागली. नाव, गाव, रक्कम, शिक्क्याची तारीख. सातव्या नावाशी ती अडली, दात ओठावर दाबले, आणि तेही आलं.

"व्हर्नाचं काय करणार?" ओतिलियानं विचारलं.

"तिच्या डब्यात दहा कूपनं आहेत. ती मला देईल की चुलीत घालेल, ते तिलाच विचारते. उद्या. आज मला तिचं तोंड बघवणार नाही."

"मला बघवेल," ओतिलिया म्हणाली. "निघायच्या आधी एकदा जाईन. काही न बोलता बसेन. बसायला तर बंदी नाही ना कागदात?"

पाच वाजायला पंचवीस मिनिटं होती. ओतिलिया बँकेकडे चालत निघाली. नेरिसानं गाडी पश्चिमेला, कार्लिनच्या रस्त्याला घातली. राज्याच्या जुगार नियंत्रण कचेरीचं दार सकाळी आठला उघडतं, आणि तिथं एकटीनं जाण्यात अर्थ नव्हता.

यादीतलं पहिलं नाव कार्लिनमध्ये रेल्वे रुळांच्या पलीकडे राहत होतं. पत्र्याचं छोटं घर, अंगणात वाळत घातलेले खाणकामगाराचे बूट. दार एका म्हाताऱ्यानं उघडलं. नाकात प्राणवायूची नळी, मागे टीव्हीचा गोंगाट.

"काही विकत घ्यायचं नाही," तो म्हणाला.

"विकायला नाही, परत मिळवून द्यायला आलेय. तुम्ही दोन वर्षांपूर्वी सिल्व्हर हेरनला भावाचं तिकीट पाठवलं होतं. उशिरा पोहोचलं म्हणून त्यांनी नाकारलं."

म्हाताऱ्यानं टीव्हीचा आवाज बंद केला.

"मी वेळेवर पाठवलं होतं," तो म्हणाला. आणि मग, दोन वर्षं कुणीच न विचारलेली गोष्ट कुणीतरी विचारल्यासारखा, घाईघाईनं, श्वास पुरत नसताना पुन्हा म्हणाला, "बाई, मी वेळेवर पाठवलं होतं. माझी बायको मरेपर्यंत म्हणत राहिली, तूच आळस केलास."

"तुम्ही आळस केला नाही," नेरिसा म्हणाली. "मला आत घ्या, आणि बसून ऐका."